दहात सात

सोमवार आणि गुरुवार हे आमदार वैजयंता उतेकरचे लोकांना भेटायचे दिवस. मोरखिंडच्या बाजारपेठेत पोस्टाच्या वरच्या मजल्यावर तिचं कार्यालय होतं. अधिवेशन नसलं की सकाळी नऊपासून जिन्यात माणसं बसलेली असायची. कुणाच्या गावचा ट्रान्सफॉर्मर जळालेला, कुणाची एसटी बंद झालेली, कुणाला मुंबईच्या इस्पितळात खाट हवी. तिची ही तिसरी टर्म. नवरा मोहन शाळामास्तर होता, त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. जिन्यातली माणसं हेच माझं घरदार, असं ती हसत सांगायची आणि ते फारसं खोटं नव्हतं.

जानेवारीतल्या एका सोमवारी सगळी गर्दी ओसरल्यावर फरीदा मुजावर आत आली. फरीदा भूगर्भशास्त्रज्ञ, तालुक्याच्या भूश्रवण केंद्राची प्रमुख. एरवी तिचं काम फोनवर व्हायचं. आज ती दीड तास बाकावर गप्प बसून राहिली होती. आत येताना तिने दार लोटून घेतलं.

"ताई, उंबरगाळ," ती म्हणाली.

उंबरगाळ हे वैजयंताचं माहेर. चौसष्ट घरं, दोनशे अकरा माणसं.

"किती?"

"दहात सात. येत्या तीन पावसाळ्यांत."

वैजयंताला आणखी काही विचारावं लागलं नाही. भूश्रवण केंद्र तिनेच तालुक्यात आणलं होतं. त्यासाठी चार अधिवेशनं ती भांडली होती. तारांकित प्रश्न विचारले, लक्षवेधी लावली, मंत्र्यांच्या दालनाबाहेर बसून राहिली. ती कल्पना तिला समजली तेव्हा इतकी साधी वाटली होती की हे आधी कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. इंटरनेटसाठी गावोगाव जमिनीखालून काचेची तार गेलेली होतीच. तिच्या एका टोकातून लेझरचा झोत सोडला की प्रकाश पुढे जाता जाता काचेतल्या सूक्ष्म दोषांवर आपटून थोडा थोडा परत येतो. जमीन हलली की तार केसाच्या लाखाव्या भागाइतकी ताणली जाते आणि परत येणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. प्रकाशाला परत यायला किती वेळ लागला यावरून जागा कळते. तार एकच, पण दर दहा मीटरवर तिला एक कान.

त्या कानांना ट्रॅक्टर ऐकू येई, गुरं ऐकू येत, ओढ्याचं पाणी ऐकू येई. हे सगळे आवाज बाजूला केले की खाली डोंगर उरायचा. खडक भक्कम असला तर कंपनं त्यातून झपाट्याने जातात. आत पाणी मुरून माती सुटायला लागली की त्यांचा वेग मंदावतो. रोज हा वेग मोजत राहिलं की डोंगर आतून किती सैल झालाय ते कळतं. पहिल्याच वर्षी केंद्राने घाटातली एक दरड दोन दिवस आधी ओळखली होती. एसटी थांबवली, रस्ता बंद केला, आणि दरड मोकळ्या रस्त्यावर आली. तेव्हापासून तालुक्यातली माणसं तारेला 'कान' म्हणू लागली होती.

"कान चुकत नाही का कधी?" वैजयंताने विचारलं.

"दहात तीन वेळा डोंगर पडणारच नाही ताई. तेही त्यातच सांगितलंय."

फरीदा गेल्यावर वैजयंता बराच वेळ खुर्चीत बसून होती. तिला कायदा आठवत होता. धोक्याचा आकडा दहात पाचच्या वर गेला तर गाव हलवायचं. ग्रामसभा नाही म्हणाली, तर स्थानिक आमदाराच्या लेखी शिफारशीवर हलवायचं. हे दुसरं वाक्य तिनेच घालायला लावलं होतं. साहेब लोकांनी कागदावर सही करून गाव उठवावं हे बरोबर नाही, ज्याला लोकांनी निवडून दिलंय त्याच्या सहीनेच ते व्हावं, असं तिने सभागृहात सांगितलं होतं. बाकं वाजली होती.

*

ग्रामसभा उंबरगाळच्या देवळापुढे भरली. फरीदाने पडदा लावून सगळं समजावून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हणमंत सकपाळ उठला. हणमंत वैजयंताचा थोरला भाऊ, साठीला आलेला. तरुणपणी जांभळावरून पडल्यापासून त्याचा डावा गुडघा वाकत नसे, त्यामुळे उठताना त्याला खांब धरावा लागला.

"बाई, तुमच्या यंत्राला तारीख सांगता येती का?"

"नाही काका."

"तीन पावसाळं झालं आन् डोंगर न्हाई पडला, तर आमाला परत येऊ देणार?"

फरीदाने वैजयंताकडे पाहिलं. "कायद्यात तशी तरतूद नाही. घरांची छपरं उतरवली जातात."

"म्हंजी दहात तीन आमचं, पर त्ये कुनी मोजायचं न्हाई." हणमंत सावकाश बोलत होता, भांडत नव्हता. "आमचं आजं-पणजं हितं ऱ्हायलं त्ये दहात तीनावरच ऱ्हायलं असतील. साप, वाघ, पटकी. समदं सोडून कुठं गेलं न्हाईत. वैजा, तुला काय वाटतं? आमदार म्हून नगं सांगू. हितली लेक म्हून सांग."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आमदार आणि लेक अशी दोन उत्तरं आपल्याकडे आहेत का, हे तिने मनात चाचपून पाहिलं. एकच उत्तर होतं.

"दादा, दोनशे अकरा माणसं हायेत," ती म्हणाली. "मला न्हाई जमायचं तीनावर बसायला."

ग्रामसभेने हात वर करून नकार दिला. मार्चमध्ये, अर्थसंकल्पावरची चर्चा चालू असताना, वैजयंताने विधान भवनाच्या वाचनालयात बसून शिफारशीवर सही केली. एका ओळीचं काम होतं. सही करून ती सभागृहात परतली आणि रस्त्यांच्या मागण्यांवर बोलली. चांगलं बोलली, असं नंतर दोघातिघांनी सांगितलं.

मे महिन्यात गाव हललं. चाळीस किलोमीटरवर सपाटीला घोटण नावाच्या माळावर नव्या घरांच्या सहा रांगा उभ्या होत्या. ट्रक भरले जात होते तेव्हा वैजयंता सकाळपासून तिथे उभी होती. मोठी भांडी, कणग्या, शिवणयंत्रं, पाळणे. हणमंतने आपला ट्रक शेवटी भरला. मग तो तिच्याजवळ आला.

"तू आमच्या भल्यापायीच सही केलीस. मला ठावं हाय," तो म्हणाला. "पर आता माझ्या दारात यिऊ नगंस."

*

पहिला पावसाळा गेला. दुसरा गेला. तिसराही गेला. उंबरगाळचा डोंगर होता तसा उभा राहिला.

घोटणला लोकांचं अगदीच वाईट चाललं होतं असं नाही. शाळा जवळ आली, दवाखाना जवळ आला. पण भाताची खाचरं गेली. माणसं शेजारच्या गावांत मजुरीला जाऊ लागली. म्हातारी माणसं घरापुढच्या सिमेंटच्या ओट्यावर बसून राहायची, आणि एकेक करत कमी व्हायला लागली. प्रत्येक मयताला वैजयंता जायची. लोक तिला जागा करून द्यायचे आणि तिच्याभोवती तेवढीच जागा मोकळी राहायची.

सोमवारी-गुरुवारी जिना भरलेला असे, पण त्यात घोटणचा माणूस नसे. त्यांची कामं ते दुसऱ्या तालुक्याच्या आमदाराकडे घेऊन जात. पहिल्या भाऊबीजेला ती निरांजन आणि करंज्यांचा डबा घेऊन गेली. दार वहिनीने, पारूबाईंनी उघडलं. त्यांनी तिला बसवलं, चहा दिला.

"हे शेतावर गेल्यात, वन्सं," त्या म्हणाल्या.

घोटणला कुणाला शेत नव्हतं. वैजयंताने चहा संपवला, डबा ठेवला आणि निघाली. पुढच्या दोन भाऊबीजांना तिने डबा ड्रायव्हरबरोबर पाठवला.

सभागृहात मात्र उंबरगाळचं नाव वरचेवर निघायचं. विरोधी बाकांवरच्या एका सदस्याने तिचा उल्लेख 'न पडलेल्या डोंगराच्या सन्माननीय सदस्या' असा केला. दोन्हीकडून हशा पिकला. वैजयंताही हसली. न हसणं फार दिसलं असतं.

तिसऱ्या वर्षीचं हिवाळी अधिवेशन नागपूरला होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती आमदार निवासातल्या आपल्या खोलीवर आली असताना फरीदाचा फोन आला.

"ताई, उंबरगाळात कुणीतरी चालतंय."

गाव रिकामं झालं तरी तिथली तार चालूच ठेवली होती, डोंगर ऐकायला. चार दिवसांपासून डोंगराच्या आवाजावर दुसरा एक आवाज येत होता. एकच माणूस. देवळापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून खालच्या खाचरांपर्यंत.

"उजवं पाऊल जोरात पडतं, डावं ओढल्यासारखं," फरीदा म्हणाली. "तुम्ही ओळखत असाल तर मला सांगू नका. मला कळलं की पोलिसांना कळवावं लागेल."

"मला ऐकव."

"ताई, कायद्यातच आहे. तारेवरून कुणा माणसाचा माग ठेवायचा नाही."

"माहीत आहे मला. मी त्याच्या बाजूने मत दिलंय. ऐकव."

 फरीदाने मग तारेवरचा आवाज थेट ऐकायची जोडणी पाठवली. वैजयंताने कानाला यंत्र लावलं. आधी नुसता एक घुमारा आला, मोठ्या रांजणात कान घातल्यासारखा. त्या घुमाऱ्यातून हळूहळू पावलं वर आली. धप्प, आणि मग खरवड. धप्प, खरवड. लहानपणी शेणाने सारवलेल्या घरात ती अंथरुणात पडलेली असायची आणि हा आवाज पहाटे गोठ्याकडे जायचा.

पावलं थांबली. पाठोपाठ जमिनीवर काहीतरी आपटू लागलं, एका लयीत. कुदळ. हणमंत खाचर दुरुस्त करत होता.

सभागृहाची घंटा झाली तेव्हा तिने कानातलं यंत्र काढलं. ती खाली गेली आणि पुरवणी मागण्यांवर मतदान केलं. कुठल्या मागण्या होत्या, ते तिला नंतर आठवलं नाही.

*

त्यानंतर तो तिचा नेमच झाला. सकाळी चहा घेताना, दुपारच्या सुट्टीत, मोरखिंडला असली की कार्यालय उघडायच्या आधी ती उंबरगाळ ऐकायची. बोलणं ऐकू येत नसे. तार जमिनीखाली होती, तिच्यापर्यंत फक्त जमिनीला लागलेलं पोचे. पण त्यावरून दिवस उभा राहायचा. हणमंत कधी उठला, पाण्याला कितीदा गेला, कुठे दम खायला टेकला. देवळाचं छप्पर सरकारने उतरवलं नव्हतं, तिथे तो राहत असावा. आठवड्यातून एकदा पावलं खालच्या वाटेला लागत आणि दुसऱ्या दिवशी जड होऊन परत येत. पाठीवर पीठमीठ असावं. हे पुण्याला लेकीकडे गेल्यात, असं पारूबाई घोटणला सांगत होत्या.

कधी एखाद्या बैठकीत वैजयंताला एकदम हायसं वाटायचं आणि कारण आठवायचं नाही. मग आठवायचं, सकाळी पावलं नीट होती.

त्याला खाली आणायला हवं होतं. पोलिसांना एक फोन केला असता तर तासाभरात आणलं असतं. डिसेंबर आहे, पाऊस नाही, डोंगर आत्ता काही पडत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. जानेवारीतही हेच सांगितलं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी जिन्यात घोटणची माणसं दिसली. अकरा जण होते. पुढे बाजीराव कोंढाळकर, पूर्वीचा सरपंच. वैजयंताची इतकी धांदल उडाली की चहा सांगताना तिने दोनदा सांगितला.

"ताई, तीन पावसाळं झालं," बाजीराव म्हणाला. "आमचं काय भांडण न्हाई. आमाला घरी जाऊ द्या. कायद्यात तेवढं घाला."

"घालते," ती म्हणाली.

विचार करण्याआधीच ती म्हणून गेली. पुढे मग सगळं सोपं झालं. माणसं हसली, बाजीरावने तिच्या तब्येतीची चौकशी केली, एका बाईने पिशवीतून नाचणीच्या पापडांची चवड काढून टेबलावर ठेवली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या माहेरचं कुणीतरी तिच्यासाठी काही घेऊन आलं होतं.

तिने अशासकीय विधेयक तयार करून घेतलं. तीन पावसाळ्यांत डोंगर पडला नाही तर गावकऱ्यांना परतायची मुभा, असं एकच कलम. मंत्र्यांनाही रिकाम्या गावांचा विषय नकोसा झाला होता. पावसाळी अधिवेशनात मांडा, आम्ही विरोध करणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

फरीदा पुन्हा बाकावर येऊन बसली.

"ताई, लोक परत गेले तर आकडा अजून दहात सातच आहे."

"मग तीन वर्षं पडला का नाही?"

"त्याचं उत्तर आम्हाला आत्ता मिळालंय." तिने कागद पसरला. "डोंगराच्या पोटाला दोनशे खाचरं आहेत. भातासाठी लोक त्यांत चार महिने पाणी तुंबवून ठेवायचे. ते पाणी आत मुरायचं. गाव उठलं, खाचरं कोरडी पडली, पाणी मुरायचं थांबलं. म्हणून डोंगर टिकला. लोक उठले म्हणूनच टिकला, ताई. ते परत गेले आणि भात लावला तर तो टिकायचा नाही."

"हे लोकांना सांगता येईल?"

"मी सांगितलं. घोटणला जाऊन आले. बाजीराव म्हणाले, पडला असता तरी तुमचंच खरं आणि नाही पडला तरी तुमचंच खरं, असं कसं?"

वैजयंताने कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. विधेयक मागे घेतलं नाही.

*

जुलै उजाडला. मुंबईला अधिवेशन सुरू झालं. शुक्रवारी अशासकीय कामकाज असतं, त्या यादीत तिचं विधेयक पहिलं होतं. घोटणहून दोन एसटी भरून माणसं येणार होती. प्रेक्षक गॅलरीचे पास तिने स्वतः काढले होते.

पण उंबरगाळचा आवाज बदलला होता. कुदळ बंद पडली होती. पावलं आता खाचराकडे जातच नव्हती. देवळातून निघायची, देवळाच्या मागे पंधरावीस पावलांवर थांबायची, बराच वेळ तिथेच असायची, आणि परत यायची. दिवसातून सहा-सात वेळा. तिने फरीदाला विचारलं. जूनच्या शेवटी डोंगरातला वेग एकदम घसरला होता, फरीदा म्हणाली, आणि मग आठ दिवसांनी आपोआप सावरला. का ते कळत नव्हतं.

बुधवारी उजाडताच वैजयंता मुंबईहून निघाली. पक्षाच्या प्रतोदाला तब्येतीचं कारण सांगितलं. अकराच्या सुमाराला गाडी खिंडीत सोडून ती पायवाटेने वर चढली. पाऊस भुरभुरत होता. छपरं नसलेल्या घरांतून एरंड आणि टाकळा छातीपर्यंत वाढला होता. कुठलं घर कुणाचं, हे तिला उंबऱ्यांवरून ओळखावं लागलं.

हणमंत देवळाच्या पडवीत चुलीपुढे बसला होता. वाळला होता. त्याने तिला पाहिलं आणि एक पाट पुढे सरकवला.

"पोलीस आनलंस?"

"न्हाई. एकलीच आले."

"कुनी सांगितलं मी हितं हाय म्हून?"

खोटं बोलायचं तिने गाडीत ठरवलं होतं. तो पाट पाहिल्यावर तिला ते जमेना. तिने सगळं सांगितलं. तार, पावलं, कुदळ. नागपूरपासूनचं सगळं.

हणमंतने लाकूड चुलीत सारलं. "मंजी मी हितं तुला शिव्या देत हुतो त्या ऐकल्यास."

"बोलनं न्हाई ऐकू येत. पावलं येत्यात."

"कवापासून म्हनलीस?"

"मार्गशीर्षापासून."

त्याने बोटांवर महिने मोजले. मग तिच्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाला, "सात म्हैनं तू माझं चालनं ऐकत हुतीस. आन् एकडाव आली न्हाईस?"

 दारात येऊ नकोस असं तूच म्हणाला होतास, हे वैजयंताच्या ओठावर आलं. पण तेव्हाचं दार घोटणचं होतं. इथे दारच नव्हतं. ती ऐकत राहिली होती, कारण ऐकायला काही लागत नव्हतं.

 चहा झाला. तो पिऊन झाल्यावर हणमंत खांब धरून उठला. "चल, दावतो."

देवळाच्या मागे, कातळ आणि मातीच्या सांध्यात एक भेग गेलेली होती. तिच्या दोन्ही काठांवर त्याने बांबूच्या खुंट्या ठोकल्या होत्या आणि मध्ये सुतळी ताणली होती. सुतळीवर कोळशाच्या खुणा होत्या.

"आलो तवा बोटभर हुती. मी एक खाचर केलं, येकच. आगुटीला, पयल्या पावसात पानी तुंबवलं. आठ दिसांत ही चार बोटं झाली. मग माझ्या डोक्यात आलं, बांध फोडून बगावा. फोडला. समदं पानी सोडलं. त्या दिसापासून सुतळी हलली न्हाई." त्याने सुतळीला बोट लावून दाखवलं. "माज्या येका खाचरानं ह्ये झालं, वैजा. चौसष्ट घरांनी भात लावल्यावर काय हुईल?"

जूनच्या शेवटी वेग का घसरला आणि का सावरला, ते तिला कळलं. फरीदाच्या यंत्राने जे सांगितलं होतं तेच हा माणूस सुतळीने मोजून बसला होता.

"कुनाला सांगितलंस?"

"कुनाला सांगू? तुझं खरं झालं असं म्हनावं लागलं असतं." तो किंचित हसला. "बिल कवा हाय तुझं?"

"परवा."

"मागं घे."

"तू लोकांना सांग ना. तुझं ऐकतील."

"सांगितलं तर इचारतील तुला कसं ठावं. मग पोलीस येत्याल. मला धरतील त्ये धरू देत. पर त्या मुजावर बाईनं तुला ऐकवलं, तिची नोकरी जाईल. तुझी आमदारकी जाईल. आन् येवडं करून बाजीराव म्हनंल, बहीन-भावानं मिळून रचलं." ही सगळी वाट तो आधीच चालून आला होता. "तू गप मागं घे. मी खाली जातो. पुन्यांदा चढत न्हाई."

तिने मान हलवली. उतरताना तो तिच्यासोबत विहिरीपर्यंत आला. तिथे थांबला. तिने मागे वळून पाहिलं तेव्हा तो देवळाकडे परत निघाला होता, धप्प आणि खरवड. यंत्राशिवाय तो आवाज फार लहान होता.

*

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता अध्यक्षांनी तिचं नाव पुकारलं. गॅलरी भरलेली होती. पुढच्या रांगेत बाजीराव होता, डोक्याला नवा फेटा. त्याच्या मागे पारूबाई होत्या.

वैजयंता उभी राहिली. रात्रीपासून तिने मनात बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही बोलण्यासारखं नव्हतं.

"अध्यक्ष महोदय, मी हे विधेयक मांडू इच्छित नाही. सभागृहाच्या अनुमतीने मी ते मागे घेते."

सभागृहात कुजबुज झाली. मंत्र्यांनी मान वर केली. विरोधी बाकांवरून कुणीतरी विचारलं, "सन्माननीय सदस्यांनी कारण तरी सांगावं."

"कारण तेच, अध्यक्ष महोदय. तीन वर्षांपूर्वी होतं तेच."

या वेळी कुणी हसलं नाही. अनुमतीचा ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. वैजयंताने खाली बसून वर पाहिलं. गॅलरीतली माणसं उठली होती. गॅलरीत बोलायला मनाई असते, आणि ती सगळी शिस्तीने, एका रांगेत, एक शब्दही न बोलता बाहेर पडत होती. बाजीरावने फेटा काढून काखेत धरला होता.

ती धावत बाहेर आली, जिन्याच्या तळाशी त्यांना गाठलं. माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, वाटेत खांब असावा तशी. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पारूबाई शेवटी होत्या. त्या तिच्याजवळ क्षणभर थांबल्या आणि पुढे गेलेल्यांकडे बघत, ओठ न हलवल्यासारखं बोलल्या.

"हे बुधवारीच घरी आलं, वन्सं. तुमी गेलाव आन् लगोलग निघालं म्हनं."

म्हणजे तिने विधेयक मागे घ्यायची त्याने वाट पाहिली नव्हती. तिने नुसती मान हलवली होती, आणि त्याला तेवढं पुरलं होतं.

"काही बोलला का?"

"जेवलं. झोपलं." पारूबाईंनी पदर सावरला. "लोकांत तुमचं नाव न्हाई काढलं. काढलं असतं तर ह्या समद्यांनी इचारलं असतं."

बाहेर एसटीचा भोंगा वाजला. पारूबाई निघाल्या. सभागृहात पुढच्या विधेयकासाठी गणपूर्तीची घंटा घणघणत होती. वैजयंता परत आत गेली आणि आपल्या जागेवर बसली.

डोंगर त्या वर्षी पडला नाही. पुढच्याही वर्षी नाही. निवडणूक त्यानंतर आली आणि वैजयंता उतेकर पडली, बऱ्याच मोठ्या फरकाने. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिने कार्यालयाची किल्ली पोस्टमास्तरांकडे दिली. जिना रिकामा होता. मग घरी येऊन तिने मतदान केंद्रवार आकड्यांचा कागद उघडला, आणि बाकी सगळी पानं उलटत घोटणवर आली.

एकशे एकोणचाळीस मतदान झालं होतं. तिला दोन मतं होती.